शुभ-लाभाच्या वहीत धुराचे खाते

गृहस्थाच्या घरी पाच ठिकाणी नकळत हिंसा घडते, असे आपले धर्मशास्त्र सांगते : चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना पंचसूना म्हणतात. तेथे सूक्ष्म जीव मरतात, आणि त्यांवाचून संसार तर चालत नाही. म्हणून त्या दोषाच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले गेले. वैश्वदेव, गोग्रास, काकबळी, अतिथीचे पान ही सारी नित्य दोषाची नित्य फेड होय. मात्र वैश्वदेव घडतो म्हणून घरात आणखी दोन चुली विनाकारण पेटत्या ठेवाव्यात, असे कोणा शास्त्रकाराने म्हटलेले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या निमित्ताने हे स्मरण देण्याचे कारण असे की, आपले लहान व्यापारी या दिवशी वह्यांची पूजा करतात, ‘श्री’ लिहितात, शुभ-लाभ रेखाटतात. त्या वह्यांत विजेचे बिल खर्ची पडते, डिझेलही खर्ची पडते. त्यातून आकाशात गेलेला धूर मात्र कोणाच्याच नावे मांडला जात नाही. तो धूर म्हणजे कर्बवायू, ज्याला शास्त्रज्ञ कार्बन डायऑक्साइड म्हणतात. तो हवेत साठतो, पृथ्वीची उष्णता अडवून धरतो आणि शेकडो वर्षे राहतो. सावकाराचे व्याज परवडले, अशी ही बाकी आहे.

आमच्या कुहीत कारखान्यांच्या धुराड्यांची रांग नाही, मग धूर कुठला, असे कोणी विचारील. धूर कोराडी-खापरखेड्याला निघतो आणि आपण येथे बटण दाबतो, एवढेच. कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने ती धुराडी पाहिली आहेत. तेथील पहिला संच १९७४ साली सुरू झाला. तो कोळसा आपल्या गिरण्यांसाठी, आपल्या दुकानांच्या रोषणाईसाठीही जळतो. जुलै २०२२ मध्ये तेथील खसाळा राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी परिसरातील शेतांत, नदीनाल्यांत गेले. तो सारा मुलूख कन्हानच्या खोऱ्यातला, आणि कन्हान कोठे जाते हे कुहीकरांना सांगावयास नको. आंभोऱ्याला, चैतन्येश्वराच्या पायथ्याशी, ती वैनगंगेला मिळते. ज्या संगमावर मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला असे परंपरा मानते, त्याच संगमाकडे आपल्या विजेची राख वाहत येते.

दुसरी गोष्ट मिरचीची. कुही, मांढळ, भिवापूर या पट्ट्यातील सातऱ्यांवर मिरची उन्हात पसरतात आणि शेकडो आयाबहिणी तिचे देठ खुडतात. हा उद्योग सूर्यनारायणाच्या भरवशावर चालतो. वाळवणीला कोळशाचा कण लागत नाही. उलट, अवकाळी पावसाची एक सर आली की पसरलेला लाल माल काळा पडतो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. कोणत्याही एका सरीचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, हे खरे. परंतु हवा तापली की पावसाचे वेळापत्रक ढळते, याविषयी शास्त्रज्ञांत आता मतभेद उरलेला नाही. ज्यांनी धूर केला नाही त्यांच्याच सुपात पाणी पडते, हा अन्याय आम्हांस अस्वस्थ करतो.

आता हिशेब मांडू. समजा, एखाद्याची मसाला दळण्याची १० अश्वशक्तीची गिरणी आहे. ती रोज ५ तास, वर्षाचे ३०० दिवस चालली, तर सुमारे ११,२५० युनिट वीज लागेल. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे जवळजवळ ७.९ टन झाले. माल कळमन्याला न्यायला टेम्पोच्या वर्षाला १५० खेपा, जाऊन-येऊन ८० किलोमीटर, लिटरला १२ किलोमीटरप्रमाणे १,००० लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो धरले तर आणखी २.७ टन. एकूण साडेदहा टन!

याची फेड झाडांनी करू म्हणाल, तर मोठे झालेले झाड वर्षाला साधारण २० किलो कर्बवायू शोषते, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे या एका गिरणीला सव्वापाचशे वाढलेली झाडे हवीत. वर्धापनदिनी हार घातलेले एक रोप आणि वर्तमानपत्रातील छायाचित्र यांनी हे खाते मिटत नाही. राज्यात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षांचा संकल्प झाला. पुढे त्यांतली किती जगली हा प्रश्न विधिमंडळातही गाजला. लावणे सोपे, जगवणे कठीण, आणि विदर्भाचा मे महिना तर कोणाची भीड ठेवीत नाही.

म्हणून आधी दोष कमी करावा, मग प्रायश्चित्त. गिरणीच्या छतावर ५ किलोवॉटचे सौर पॅनेल बसविले तर वर्षाला सुमारे ७,००० युनिट मिळतात, ४.९ टन तेथेच वाचले. शेजारच्या दोन दुकानदारांशी मेळ घालून टेम्पो भरूनच पाठवला आणि खेपा १०० वर आणल्या, तर आणखी ०.९ टन. पट्टा सैल असलेली, रिकामी घरघरणारी मोटार, दिवसा जळणारे दिवे, हलवायाची तासन्‌तास भडकती भट्टी यांवर तर पैसाही खर्चावा लागत नाही, लक्ष खर्चावे लागते. पॅनेलला भांडवल लागते, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याला ते आज शक्य नाही त्याने निदान खेपांपासून आरंभ करावा. आणि सातरेवाल्यांना हात जोडून एवढेच सांगणे, की घाईपोटी वाळवणीसाठी लाकडाची भट्टी आणू नका. सूर्याला भाडे द्यावे लागत नाही.

मग उरतात पावणेपाच टन, सुमारे २३५ झाडे. ती एकट्याने नव्हे, बाजारपेठेने मिळून, ग्रामपंचायतीच्या वा देवस्थानाच्या संमतीने लावावीत : वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, मोह. ती मोठी होईतो हे खाते बाकीतच राहील, हेही वहीत लिहावे. पहिली तीन उन्हाळी पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी ठरवावे, आणि त्याची मजुरी धर्मादाय खात्यात न टाकता धंद्याच्या खर्चातच मांडावी. पाडव्याला नवी वही उघडाल तेव्हा गेल्या वर्षाची महावितरणची बारा बिले आणि पंपाच्या पावत्या तारेतून काढून समोर घ्या. युनिट किती, लिटर किती, एवढे दोनच आकडे पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली लिहायचे आहेत.