चिलखतावरची धूळ धुता आली पाहिजे



दशलक्षण पर्व जवळ आलं की पाठशाळेच्या नाटिकांची तयारी सुरू होते, आणि तिच्यामागोमाग पोशाखांची कटकट. यंदा आमच्याकडे भरत-बाहुबली आहे. फोम शीटची चिलखतं कापून चंदेरी रंगवून झाली आणि महिला मंडळात वाद लागला. दिग्विजय करून आलेलं सैन्य भांड्याच्या दुकानातल्या नव्या डब्यांसारखं चकाकतं कसं? काहीजणी म्हणाल्या, काळा-तपकिरी ऑइलपेंट फासा, एकदाच काम. काहीजणी म्हणाल्या, मुलांचंच तर नाटक, राहू दे. मला दोन्ही पटत नाही. जुनेपणा दिसायलाच हवा, पण तो ओल्या फडक्याने पुसता येईल असाच.

चिलखत एका नाटिकेपुरतं नसतं. आज भरताच्या सैनिकाच्या अंगावर आहे, पुढच्या वर्षी चामुंडरायाच्या अंगावर येईल. हा गंग राजांचा सेनापती, श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती इसवी सन 981 च्या सुमारास करवून घेणारा. मूर्तीपुढे हात जोडून उभा राहणारा चामुंडराय धुळीने माखलेला कसा चालेल? पक्का रंग एकदा लावला की ते चिलखत कायमचं लढाईतलंच राहतं. मग दर वर्षी नवी शीट, नवा खर्च, आणि रात्री जागून कापाकापी करणाऱ्या आपणच. भाड्याच्या पोशाखाचं तर बोलायलाच नको; डाग दिसला की अनामत गेली.

आता कथेकडे बघू. आदिपुराणात दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सैन्यांची लढाई टाळली. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झालं ते दोघा भावांतच. म्हणजे या सैनिकांच्या चिलखतावर ताजे वार नकोत आणि रक्त तर अजिबात नको. हवी ती प्रवासाची धूळ आणि वापराचा मळ. कोणीतरी हौसेने नकली रक्ताची बाटली आणतंच. बऱ्याचदा त्यात साखरेचा पाक असतो, घरगुती कृतींत मधही सांगतात. शिवाय काही तांबड्या रंगांत कोचिनियल किड्यापासून काढलेला कार्माइन असतो. पाकाला मुंग्या लागतात, आणि मग ते चिलखत धुवायचं कसं ते सांगा. ज्या कथेत रक्तपात टळला, तिथे रक्त दाखवण्याची गरजच काय?

धुळीसाठी मुलतानी मातीसारखी वस्तू नाही. सिनेमाचे पोशाखवालेही धूळ दाखवायला तिच्यासारखीच बारीक माती वापरतात. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून चिलखतावर हलकेच आपटायची. खांद्यावर थोडी, खालच्या कडेला आणि पायांच्या पट्ट्यांवर जास्त, कारण धूळ खालून वर चढते. हे काम मूल चिलखत घालून उभं असताना करू नका. बारीक पूड नाकातोंडात जाते. आधी लावा, झटका, मग घाला.

मळासाठी साधा पोस्टर कलर. काळा आणि तपकिरी एकत्र करून भरपूर पाण्यात पातळ करायचा, खाचांत लावायचा आणि लगेच फडक्याने वरून पुसून घ्यायचा. खाचेत उरतो तोच मळ दिसतो. ब्रश नायलॉनचा घ्या, केसांचा नको. अॅक्रिलिकने मात्र फसू नका. तोही पाण्यातच कालवतात, पण एकदा वाळला की पाण्याने निघत नाही. हळद आणि कॉफी तर लांबच ठेवा. हळदीचा डाग प्लॅस्टिकवरही बसतो, हे आपल्या डब्यांना विचारा.

खरी मेहनत याच्या आधीची आहे. कच्चा फोम आणि पुठ्ठा रंग पिऊन टाकतात, मग पोस्टर कलरही निघत नाही. म्हणून आधी फेविकॉलचा हात, त्यावर चंदेरी, आणि ती पुरती वाळल्यावर पारदर्शक वॉर्निश. भाद्रपदातल्या दमट हवेत वाळायला एक दिवस जास्तच धरा. आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे एक ठिपका लावून, वाळवून, पुसून पाहा. निघाला तर पुढे जा. भाड्याच्या चिलखतावर हा ठिपकाही मालकाला विचारूनच लावा.

घरात बघताना मळ जरा जास्त वाटला तरी घाबरू नका. मंचावरच्या दिव्यांत आणि शेवटच्या रांगेतून तो निम्माच दिसतो. एक अडचण मात्र खरी आहे. घाम आला की गळ्याजवळचा पोस्टर कलर कपड्याला लागतो, म्हणून गळा आणि काखेजवळ फक्त माती लावा आणि आत गडद रंगाचा सदरा द्या. बाहुबलीच्या चिलखताला तर मी काहीच लावणार नाही. तो पोदनपूरहून आलाय, दिग्विजयाहून नाही.

नाटिका संपल्यावर त्याच रात्री गाळलेल्या पाण्यात फडकं भिजवून, घट्ट पिळून सगळं पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. हे काम मुलांकडूनच करून घ्या, आयांनी नको.