टाके आपले, नाली नगरपरिषदेची

गोंदियात पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत डेंग्यूची धास्ती सुरू होते. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाके, रांजण, कूलर घासून कोरडे करावेत. एकट्या घराने करून भागत नाही. शेजारच्या कूलरमधला डास आपल्याच लेकराला चावतो. रविवारी विहारात वंदना झाली की वस्ती समितीने घरोघरी फिरावे.

मात्र तुंबलेली नाली श्रमदानाने उपसू नये, असे आमचे मत आहे. १९६५ च्या कायद्याने ते नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. गावकीची फुकट कामे बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला लावली. ती शहरात पुन्हा अंगावर का घ्यावी? सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, पोच घ्या आणि काम होईपर्यंत विचारत राहा. जय भीम.