कंपनी बंद पडली, रिटेनर मात्र तुमच्याकडेच

टपालाने अलाइनर पाठवून घरबसल्या दात सरळ करून देणारी ‘स्माइलडायरेक्टक्लब’ ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली. चर्चा झाली ती उपचार अर्धवट राहिलेल्यांची. पण ज्यांचे दात सरळ झाले होते, त्यांनाही रिटेनर वर्षानुवर्षे वापरायचा असतो, नाहीतर दात पुन्हा सरकतात. घरपोच अलाइनर आपल्याकडेही मिळतात. अशा उपचारानंतर रिटेनर तपासणारे कोणी नसेल, तर त्याची निगा तुमच्यावरच येते.

निर्जंतुक करायचा म्हणून तो उकळत्या पाण्यात टाकू नका. प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि असा रिटेनर दातांवर नीट बसत नाही. टूथपेस्टही नको, तिने ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू साठतात. तोंडातून काढल्याबरोबर साधे पाणी, मऊ ब्रश आणि थोडा सौम्य द्रव साबण पुरेसा आहे.

साफ करण्याच्या गोळ्या वापरत असाल तर वेष्टन आधी वाचा. अनेक गोळ्यांत परसल्फेट असते. त्याच्या ॲलर्जीबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २००८मध्येच इशारा दिला होता. (जाहिरातीत हे अर्थातच दिसत नाही.) गोळीच्या पाण्याने चूळ भरू नका, रिटेनर भरपूर पाण्याने धुऊनच घाला. हिरड्यांची आग झाली किंवा पुरळ उठले तर गोळ्या थांबवा. श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठा.

रिटेनर अचानक घट्ट वाटू लागला, तर जोर लावून बसवू नका. दात सरकले असू शकतात, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा.