पाठवणीनंतरचे घर

वृद्ध आईला किंवा वडिलांना वृद्धाश्रमात ठेवण्याचा निर्णय कोणत्याही घरात एका दिवसात होत नाही. पडल्यामुळे मोडलेले खुब्याचे हाड, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर जाण्याची सवय, अंथरुणाला खिळल्यावर पाठीला होणाऱ्या जखमा, कामावर जाणारी दोन माणसे आणि घरात तिसरे कोणी नाही, अशा गोष्टी महिनोन्‌महिने साचत जातात. मग एके दिवशी पिशवी भरली जाते. तीत चार लुगडी, जपमाळ, चष्मा आणि औषधांची डबी असते. आईला पोहोचवून कुटुंब घरी परतते. त्यानंतर त्या घरात जे सुरू होते, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

वियोगाच्या बहुतेक प्रसंगांसाठी समाजाने रूढी घडविल्या आहेत. माणूस वारले तर दहा दिवसांचे सुतक असते, शेजारी जेवण पाठवतात, नातलग भेटीस येतात. मुलगी सासरी निघाली तर तिची ओटी भरली जाते, पाठवणी होते आणि सर्वांदेखत रडण्याची मुभा असते. आई जिवंत आहे, पण घरात नाही, या अवस्थेसाठी ना विधी आहे, ना सांत्वनाचे शब्द. अमेरिकी संशोधिका पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाचा अभ्यास केला असून त्यावरील त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस देहाने दूर पण मनात सतत हजर, किंवा स्मृतिभ्रंशामुळे देहाने समोर पण मनाने दूर, अशा दोन्ही तऱ्हांचा संदिग्ध वियोग त्यांनी वर्णिला आहे. त्याला शेवट नसल्यामुळे त्याचा शोकही पुरा होत नाही. दुपारी चहाचे आधण ठेवताना हात सवयीने एक कप पाणी अधिक ओततो, तेव्हा सुनेला नेमके काय होते, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

सुनेचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. सेवा बहुधा तिनेच केलेली असते आणि दोषही तिच्याच माथी येतो. वर्षातून एकदा परगावाहून येणारा नातलगच सर्वांत मोठ्या आवाजात बोलतो! कित्येक महिन्यांनी रात्री सलग झोप लागली, याचे तिला समाधान वाटते आणि त्या समाधानाचीच पुन्हा टोचणी लागते. खरे पाहता, दमलेल्या शरीराला विसावा मिळाला, एवढाच त्या समाधानाचा अर्थ आहे. पण तो कोणी मान्य करीत नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. ते नाटक थोरच आहे. परंतु मुले कृतघ्न आणि आईबाप निराधार, हा निवाडा प्रत्येक घराला सरसकट लावणे अन्यायाचे आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याने मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली, त्याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची तरतूदही आहे. कायद्याला जी गरज दिसली, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसू नये, हे नवल आहे.

सर्वांत अवघड असतात त्या भेटी. “मला घरी कधी नेणार?” या प्रश्नाला मुलगा “पुढच्या आठवड्यात” असे उत्तर देऊन मोकळा होतो. आई ते खरे मानून दर शनिवारी पिशवी भरून बसते. मग मुलालाच तो प्रश्न सोसवेनासा होतो आणि भेटी लांबतात. लोकांना त्यात निष्ठुरता दिसते. पुष्कळदा ती लाज असते. पहिल्याच भेटीत, कितीही जड गेले तरी, “आई, आता तुला येथेच राहायचे आहे, मी दर रविवारी येईन,” असे सांगावे आणि रविवार चुकवू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याला हे सत्य दरवेळी नव्याने ऐकावे लागते आणि दरवेळी नव्याने दुखते. तेथे घराविषयी, अंगणाविषयी बोलत बसणे अधिक दयेचे ठरते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. स्मृती विरू लागली की पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि मातृभाषा मागे उरते. आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेल्या आजी “तहान लागली”, “दुखतंय” एवढेच म्हणू लागतात आणि परिचारिकेला ते कळत नाही. अशा वीस-पंचवीस शब्दांचा अर्थ कागदावर लिहून खाटेजवळ लावणे, हे काम कुटुंबानेच करावयाचे असते.

मग हळूहळू भेटीचे रूप पालटते. घरी असताना औषध, अंघोळ, कपडे यांतच दिवस सरत असे. जवळ बसायला सवड नसे. आता सून जाते ती केस विंचरून द्यायला. अशाच एका घरातील नात गणेशचतुर्थीच्या आधी आजीकडे गेली आणि मोदकांच्या उकडीला पाणी किती घ्यायचे, असे तिने विचारले. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी पिठी कोणत्या तांदळाची आणलीस, ते सांग.”