मागल्या रांगेंतील वाद्य

बॅण्डमधील सर्वांत मोठ्या मानाचें वाद्य कोणतें, असा प्रश्न वर्गांत केला तर बहुतेक हात ट्रम्पेटच्या बाजूनें वर जातील. कांहीं जण क्लॅरिनेटचें नांव घेतील. ढोलाचे चाहतेहि निघतील. ट्रॉम्बोनचें नांव मात्र क्वचितच ऐकूं येईल. पालकांचा कौलहि बहुधा असाच पडतो. ‘आमच्या मुलास पुढें दिसेल असें वाद्य द्या, मागची भोंभों नको,’ ही विनंती बॅण्ड शिकविणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिच्यामागें मुलाविषयींचें प्रेम आहे, याविषयीं शंका नाहीं. परंतु तिच्या पोटीं संगीताविषयीं एक गैरसमज आहे, आणि शिक्षणाविषयीं त्याहून मोठा. त्यांचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. पितळी वाद्यांत नाद उत्पन्न होतो तो वादकाच्या ओठांच्या कंपनानें. नळी त्यास आकार व बळ देते. ट्रम्पेटवादक कळ दाबून नळीची लांबी बदलतो. ही कळ एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत जर्मनींत निघाली. ट्रॉम्बोनला तिची गरज नव्हती. पंधराव्या शतकापासून त्याची नळीच मागेंपुढें सरकत आलेली आहे. सामान्यतः वापरांत असलेल्या ट्रॉम्बोनची नळी उलगडून मोजली तर सुमारें ९ फूट भरते, म्हणजे ट्रम्पेटच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून त्याचा आवाज एक सप्तक खालीं बोलतो. सरकत्या नळीस सात स्थानें आहेत, पण त्यांची खूण नळीवर कोठेंहि कोरलेली नसते. स्थान हातास ठाऊक असावें लागतें आणि सूर बरोबर लागला कीं नाहीं याचा निवाडा कानानें करावा लागतो. लहान मुलाचा हात सातव्या स्थानापर्यंत पोंचतहि नाहीं! आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटतां घसरत जाणें, ज्यास आपण मींड म्हणतों, तें पितळी वाद्यांत ट्रॉम्बोनइतकें सहज दुसऱ्या कोणासहि साधत नाहीं. अशा वाद्यास आपण परकें म्हणावें काय?

पितळी वाद्य म्हणजे गोंगाट, अशी दुसरी एक समजूत आहे. इ. स. १५९७ सालीं व्हेनिस येथील सेंट मार्क देवालयाचे ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली यांनीं ‘सोनाता पियान ए फोर्ते’ ही रचना प्रसिद्ध केली. तिच्यांत आठ वाद्यें आहेत आणि त्यांपैकीं सहा ट्रॉम्बोन. या रचनेचें नांवच मुळीं ‘हळू आणि मोठ्यानें’ या अर्थाचें आहे. कोठें हळू वाजवावें व कोठें मोठ्यानें, हें कागदावर लिहून ठेवणाऱ्या अगदीं आरंभींच्या रचनांत तिची गणना होते. म्हणजे ज्या वाद्यास आपण गोंगाटाचें धनी समजतों, त्यावर देवालयांत हळू वाजविण्याची जबाबदारी चारशें वर्षांपूर्वीं टाकलेली होती.

मग आपल्याकडे ट्रॉम्बोन मागें कां पडला? जांभळी नाक्यावरून तलावपाळीकडे जाणारी वरात पाहावी. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, सर्व एकच चाल वाजवीत असतात. सर्वांनीं एकच चाल वाजवावयाची तर जो उंच व तीक्ष्ण बोलेल त्याचीच सरशी होणार. खालच्या सुरास स्वतःचें असें कामच उरत नाहीं. याचा दोष त्या कष्टाळू वादकांकडे नाहीं. त्यांच्याकडून आपण मोठा आवाज मागितला. गोडी मागितलीच नाहीं. हल्लीं तर मोठ्या आवाजासाठीं ध्वनिक्षेपकांनीं भरलेली गाडी आली आहे, आणि आवाजाच्या पैजेंत ती माणसाच्या फुफ्फुसास कधींहि हरवील. बॅण्डनें तिच्याशीं आवाजाची पैज लावूंच नये. तिला जें येत नाहीं तें त्यानें करून दाखवावें. दहा माणसांनीं निरनिराळे सूर धरावे, एकमेकांचे ऐकावे, आणि त्या सर्वांचें मिळून एक गाणें व्हावें, हें तें काम. तेथें वरची चाल ट्रम्पेटनें न्यावी. तिच्या पायाखालची जमीन ट्रॉम्बोननें व्हावें.

ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. सनईच्या जोडींत एक सनई गाते आणि दुसरी केवळ सूर धरून असते. गवयाच्या मागें तंबोरा असतो. दिंडींत अभंग सांगणारा एक, तर टाळकरी अनेक. सूर धरणारा दम सोडील तर गाणारी सनई उघडी पडेल, हें जाणकार श्रोत्यास ठाऊक असतें. तरीहि टाळ्या गाणारीसच पडतात.

थांबण्याचेंहि एक शिक्षण असतें. बेथोव्हेनची पांचवी सिंफनी व्हिएन्ना येथें ता. २२ डिसेंबर १८०८ रोजीं प्रथम वाजविली गेली. तिचे भाग चार. पहिल्या तीन भागांत तिन्ही ट्रॉम्बोनवादक वाद्य मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेले असतात. वीस मिनिटांहून अधिक वेळ त्यांस एकहि सूर नाहीं. चौथा भाग उघडतो त्या क्षणीं तिघेहि एकदम उठावणी करतात, आणि इतका वेळ अंधारांत चाललेलें संगीत उजेडांत आल्यासारखें वाटतें. हा उजेड त्या वीस मिनिटांच्या मौनांतून आलेला आहे. वर्गांत प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर करणाऱ्या आपल्या मुलांस हा धडा दुसऱ्या कोणत्या पुस्तकांत मिळेल?

आपल्या प्रांतांत ही विद्या वाढली तिचें बरेंचसें श्रेय गोमंतकास आहे. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचावयास शिकवीत. त्या शिदोरीवर गोव्याचे वादक पलटणींच्या बॅण्डांत, संस्थानिकांच्या पदरीं व पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत गेले. ‘अलबेला’ (१९५१) या बोलपटांत सी. रामचंद्र यांच्या संगीतास ट्रम्पेटची झळाळी देणारे चिक चॉकलेट मूळचे गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ. त्यांचें नांव निदान लोकांच्या स्मरणांत राहिलें. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत ट्रॉम्बोन वाजविणारे ब्लास्को मोन्सोराते कितीजणांस ठाऊक आहेत? गाणें मात्र सर्वांस पाठ असतें.

आमच्या ठाणें-वसईकडील ख्रिस्ती घरांतून लग्नाआधीं उंबराचें पाणी आणावयास निघतात तेव्हां बॅण्ड पुढें लागतोच. हिंदु बांधवांची वरातहि त्यावांचून क्वचितच निघते. मंगलकार्यांत ज्यांस आपण सर्वांपुढें चालवितों, त्यांस जेवणाच्या वेळीं मात्र सर्वांमागें ठेवितों. ‘बाजेवाला’ हा शब्द आपल्या तोंडीं कोणत्या स्वरांत येतो, हें ज्यानें त्यानें मनाशीं पडताळून पाहावें. मुलाच्या हातीं मागचें वाद्य द्यावयास आपण कचरतों, त्याचें मूळहि कदाचित् येथेंच असेल.

प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना मंडळीस शरीराची उपमा दिली आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक आहेत असें समजाविलें. वाद्यवृंदाचा न्याय याहून वेगळा नाहीं. म्हणून पालकांस विनंती कीं, मुलास ट्रॉम्बोन मिळाला तर त्यास मागें टाकलें असें मानूं नये. त्याच्या हातीं सर्वांचा भार दिला आहे, असें समजावें. विद्यार्थिमित्रांस सांगणें इतकेंच कीं, आपला सूर खरा ठेवा आणि शेजाऱ्याचा सूर ऐका.

जातां जातां एक गंमत. वाद्यवृंदांत मागें बसणारा हा ट्रॉम्बोन लष्करी बॅण्डच्या संचलनांत पुष्कळदां अगदीं पहिल्या रांगेंत चालतो. कारण मानाचें नाहीं. त्याची नळी पुढच्याच्या पाठींत लागूं नये, एवढ्याचसाठीं! पुढची रांग कित्येकदां अशीहि मिळते. तिचा फार हव्यास कशाला?