संगणक कोणता, गाणे कोणाचे?

पूर्वी गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे मोठ्या शहरात जावे लागे. तासाच्या हिशेबाने भाडे भरून स्टुडिओ घ्यावा लागे आणि एक डोळा घड्याळावर ठेवून गावे लागे. आज हे काम घरातल्या खोलीत होते. एक माइक, एक संगणक, कानांना लावायचे हेडफोन आणि एखादी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, एवढ्या सामानावर नअत, हम्द, गझल किंवा शाळेचा तराना मुद्रित करता येतो. ए. आर. रहमान यांनी १९८९ साली चेन्नईत घराला लागूनच ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ उभारला आणि १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटाने त्यांचे नाव देशभर पोचवले. त्या काळी ज्या कामांसाठी वेगवेगळी महागडी यंत्रे लागत, त्यांतली पुष्कळशी कामे आज एक साधा लॅपटॉप करतो.

संगीताची आवड असलेली मुले मग विचारतात, “सर, संगणक कोणता घ्यावा? विंडोजचा की ॲपलचा मॅक?” बहुतेक वेळा कोणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेले असते की मॅकवर आवाज चांगला येतो, मोठे कलावंत मॅकच वापरतात. मग मुलगा घरी हट्ट धरतो. वडील यंत्रमागावर काम करणारे, किंवा लहानशा दुकानावर घर चालवणारे. मॅकच्या किमतीत त्या घराचे कित्येक महिन्यांचे किराणा सामान येते. म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. माझे मत असे आहे की आवाजासाठी संगणकाची जात पाहण्याची गरज नाही. पण आपले गाणे पुढे आपल्या हातात राहणार की नाही, यासाठी मात्र ती अवश्य पाहावी.

आधी आवाजाचे पाहू. आपण माइकसमोर गातो तेव्हा हवेतील कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर होते. या लहरी संगणकाला समजत नाहीत. त्याला फक्त अंक समजतात. म्हणून मध्ये एक छोटी पेटी लावतात. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ही पेटी लहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजते आणि प्रत्येक मापाचा एक अंक बनवते. सीडीवरच्या संगीतासाठी हेच प्रमाण ठरलेले आहे. डावा आणि उजवा असे दोन्ही आवाज धरले तर एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. आवाजाचे अंक होतात ते या पेटीत. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स असो, संगणकाकडे अंकच येतात. तो ते साठवतो, एकमेकांत मिळवतो, कमीजास्त करतो. पाच आणि सात यांची बेरीज विंडोजवर बारा आणि मॅकवर साडेबारा होत नाही. तीच पेटी आणि तोच माइक दोन्हीकडे लावला, तर आवाज तोच येणार.

येथे एका शब्दाची गंमत सांगतो. उर्दूत ‘साज़’ म्हणजे वाद्य. हाच शब्द मराठीत आला आणि ‘साज’ म्हणजे दागिना झाला. कोल्हापुरी साज तुम्ही ऐकला असेल. संगणक घेताना पुष्कळ लोक तो उर्दूतला साज़ समजून घेत नाहीत, मराठीतला साज समजून घेतात.

मग आवाज कशाने बिघडतो? बहुधा खोलीने. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत आवाज घुमतो, आणि तो घुमारा एकदा मुद्रणात शिरला की कोणतीही आज्ञावली तो पुरता काढू शकत नाही. मी मुलांना सांगतो, गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर जाड रजया टाका. माइक तोंडापासून एक वीतभर अंतरावर ठेवा, आणि अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना येणारा श्वासाचा धक्का त्यावर बसणार नाही. पंखा बंद करा. मालेगाव किंवा भिवंडीसारख्या गावात यंत्रमागांची खडखड भिंतीतून आत येते. तिथे माग बंद असतील ती वेळ साधावी. कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्यांचा टीव्ही यांचाही अंदाज ठेवावा लागतो. नुसत्या आवाजात गायलेल्या नअतीत तर हे सगळे अधिकच उघडे पडते, कारण झाकून घ्यायला मागे वाद्ये नसतात. रजयांना फार तर धुलाईचा खर्च येतो, आणि त्यांनी जो फरक पडतो तो संगणक बदलून पडत नाही.

मॅकची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. गाताना आपला आवाज हेडफोनमध्ये परत ऐकू येतो. तो माइकमधून संगणकात जाऊन परत येईपर्यंत थोडा वेळ जातो. दहा हजारांश सेकंदाचा उशीर फारसा जाणवत नाही. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तबलजीचा ठेका आपल्याला ऐकू यावा तसे ते असते. पण हाच उशीर दहापट झाला की गाणारा तालातून घसरतो. मॅकमध्ये हा उशीर कमी ठेवण्याची सोय मूळ प्रणालीतच चांगली केलेली आहे. विंडोजवर त्यासाठी ‘असिओ’ नावाची वेगळी वाट लागते. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने ती तयार केली. चांगल्या इंटरफेसबरोबर ती मिळते आणि एकदा ती बसवली की दोन्हींतला फरक नावापुरता उरतो. उलट ब्ल्यूटूथचे हेडफोन लावले तर मॅकवरही फजिती होते. म्हणून गाताना साधे तारेचे हेडफोन वापरावेत.

“पण मोठे लोक मॅकच वापरतात ना?” पुष्कळ वापरतात, आणि त्यामागे इतिहास आहे. ‘प्रो टूल्स’ ही स्टुडिओंतली प्रसिद्ध व्यवस्था १९९१ साली प्रथम मॅकवर आली. स्टुडिओंनी तेव्हा मॅक घेतले, तिथे काम शिकलेल्यांनी पुढे तेच वापरले, आणि सवय वारशासारखी चालत राहिली. लॉस एंजेलिसच्या बिली आयलिश या गायिकेचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत मुद्रित झाला. त्याने ॲपलची ‘लॉजिक’ ही आज्ञावली वापरली होती, आणि जानेवारी २०२० मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मॅकवाले हे उदाहरण हमखास देतात. पण इंग्लंडच्या फॅटबॉय स्लिम या संगीतकाराने १९९८ चा आपला गाजलेला अल्बम अटारी एसटी या संगणकावर बेतला होता, आणि अटारीने या संगणकाचे उत्पादन १९९३ सालीच बंद केले होते. बाजारातून गेलेल्या यंत्रावर त्याने जगभर वाजलेली गाणी केली. दोघांच्याही यशाचे श्रेय यंत्राला देणे म्हणजे चांगल्या हस्ताक्षराचे श्रेय दौतीला देण्यासारखे आहे.

आता ज्या कारणासाठी मी हा प्रश्न महत्त्वाचा मानतो त्याकडे येतो. आताच जिचे नाव घेतले ती लॉजिक आज्ञावली मुळात ॲपलची नव्हतीच. ती जर्मनीतील इमॅजिक नावाच्या कंपनीने बनवली होती आणि ती मॅक व विंडोज या दोन्हींवर चालत असे. जुलै २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि त्याच वेळी जाहीर केले की ३० सप्टेंबर २००२ नंतर विंडोजसाठीची लॉजिक मिळणार नाही. इमॅजिकच्या उत्पन्नाचा ६५ टक्क्यांहून अधिक भाग मॅकवरच्या विक्रीतून येतो, असे ॲपलने तेव्हा सांगितले होते. म्हणजे उरलेले गिऱ्हाईकही काही थोडेथोडके नव्हते. त्या लोकांनी पैसे मोजून आज्ञावली घेतली होती आणि वर्षानुवर्षे तिच्यात काम केले होते. त्यांच्यापुढे तीन वाटा राहिल्या: नवा मॅक घ्या, नवी आज्ञावली शिका, किंवा जुना संगणक बंद पडेपर्यंत आहे तेच वापरत राहा. त्यांच्या आवाजात काही खोट नव्हती. निर्णय फक्त त्यांच्या हातात नव्हता.

असे एकदाच घडले असेही नाही. ॲपलने २०१९ साली आपल्या नव्या प्रणालीत ३२ बिटच्या जुन्या आज्ञावल्या चालवणे बंद केले. ज्यांची जुनी वाद्ये आणि साधने तशी होती त्यांना ती सोडावी लागली. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि चांगले चालणारे कितीतरी संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. याबाबतीत दोन्ही घरांची रीत सारखीच आहे. अशा जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून मुद्रण करता येते. तिथे अडचण वेगळी असते: काही नामांकित आज्ञावल्या तिच्यासाठी बनतच नाहीत आणि गावात शिकवणारा माणूस सहसा भेटत नाही.

याउलट एक गोष्ट चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. १९८३ पूर्वी प्रत्येक कंपनीच्या विद्युत वाद्याची भाषा निराळी होती. त्या वर्षी एक अमेरिकन आणि एक जपानी कंपनी यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली आणि एकाची कळ दाबताच दुसरे वाजले. या सामाईक भाषेचे नाव मिडी. कोणती कळ, केव्हा, किती जोराने दाबली एवढेच ती सांगते. आवाज तिच्यात नसतो. या कामाबद्दल डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी देण्यात आला. अटारी गेला, पण त्या काळातील मिडी फायली आजच्या संगणकावर उघडतात, कारण ती भाषा कोणा एका कंपनीची नव्हती. आवाजाच्या बाबतीत हेच काम वेव्ह फाइल करते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी ती १९९१ मध्ये आणली, आणि आज ती मॅकवर, लिनक्सवर आणि फोनवरही उघडते.

तेव्हा मला विचाराल तर नवा संगणक घेण्याआधी घरात काय आहे ते पाहा. भावाच्या अभ्यासासाठी आणलेला विंडोजचा लॅपटॉप असेल तर त्यावरच सुरुवात करा. २००० सालापासून मिळणारी ‘ऑडासिटी’ ही मोफत आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. पुढे अधिक काम वाढले तर ‘रीपर’ आहे; तीही तिन्हींवर चालते. ॲपलची ‘गॅरेजबँड’ फार सोपी आणि मोफत आहे, पण ती ॲपलच्याच यंत्रांवर चालते, हे शिकायला लागण्यापूर्वी माहीत असावे. महागड्या आज्ञावलीची चोरून काढलेली प्रत मात्र घेऊ नका. ती दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी आहे, आणि तिच्याबरोबर संगणकात काय शिरेल याचा भरवसा नसतो. ज्यांना नवाच संगणक घ्यायचा आहे त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. आपण ज्याच्याबरोबर काम करणार तो काय वापरतो? आणि बिघाड झाला तर आपल्या गावात तो दुरुस्त कोण करील? मॅक परवडत असेल आणि या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या बाजूने येत असतील, तर मॅक घेण्यात काहीच वावगे नाही.

आणि गाणे पूर्ण झाले की आज्ञावलीच्या स्वतःच्या फायलीवर विसंबू नका. प्रत्येक आवाज, प्रत्येक वाद्य वेगवेगळे वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. सगळ्या फायली गाण्याच्या अगदी आरंभापासून सुरू झाल्या पाहिजेत, मग एखादे वाद्य दुसऱ्या मिनिटाला का वाजत असेना. फायलीच्या नावात गाण्याची लय लिहा, म्हणजे एका मिनिटात किती ठोके ते. एक प्रत संगणकात आणि दुसरी पेन ड्राइव्हवर ठेवा. मग एका मित्राकडे मॅक आणि दुसऱ्याकडे विंडोज असला तरी अडत नाही: एकाने नअत गावी, दुसऱ्याने त्या फायली आपल्याकडे उघडून सगळ्या एका रेषेत लावाव्यात, आणि मागचा कोरस आपल्या घरी मुद्रित करून परत पाठवावा.