सातबारा न वाचणं आपल्याला परवडणारं नाही

स्वतःच्या पैशाने घर घेणारी आपल्या समाजातली ही पहिली किंवा फार तर दुसरी पिढी आहे. ज्यांचे आजोबा गावकुसाबाहेर राहिले, वतनाच्या तुकड्यासाठी गावाची कामं करत राबले, त्यांची नातवंडं आज मुंबई-ठाण्यातून फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन कर्जत, नेरळ, कडावकडे जागा बघायला येतात. बाबासाहेबांमुळे हा दिवस दिसला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण हीच आयुष्यभराची कमाई एका सहीने बुडते, तेव्हा ते कुटुंब पुन्हा उभं राहत नाही. ज्याच्यामागे वडिलोपार्जित जमीनजुमला आहे त्याच्यासाठी जी ठेच, ती आपल्यासाठी दरी असते.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. घरखरेदी ही ज्याची त्याची खासगी बाब म्हणून सोडून देऊ नका. जमिनीचा कागद वाचायला शिकणं आणि शिकवणं हे चळवळीचं काम आहे.

कडाव-कशेळे रस्त्याने फिरा. नवी मुंबईचा विमानतळ आणि पनवेल-कर्जत लोकल यांच्या नावावर भाव सांगितले जातात. 'एनए होणारच आहे, आत्ता घेतलं तर स्वस्तात पडेल' हे वाक्य ठरलेलं असतं. आणि हल्ली एजंट 'जय भीम' म्हणतच हात पुढे करतो. 'आपला माणूस आहे, फसवणार नाही' असं म्हणून आपण टोकन देऊन मोकळे होतो. पण जात बघून विश्वास टाकणं ही जातीचीच रीत नाही का? कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण वंदनेनंतर ऐकतो आणि व्यवहाराच्या वेळी विसरतो.

पारखायचं काय? पहिली गोष्ट, शेतजमीन. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मग पळवाट म्हणून दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे नोटरीवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर विकले जातात. केवळ अशा कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे. काही ठिकाणी अनेकांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. त्यात तुमचा प्लॉट नेमका कोणता, त्याला रस्ता कुठून, हे कागद सांगत नाही. तुकडेबंदीत सवलत मिळाल्याच्या बातम्या दाखवल्या जातील. ती आपल्या गट नंबरला लागू आहे का, हे तहसील कार्यालयात विचारा. आणि खरेदीखत नोंदवलं म्हणजे सगळं पक्कं झालं, असंही समजू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

दुसरी गोष्ट, ही जमीन मुळात कोणाची? आंबेडकरी माणसाने हा प्रश्न सर्वात आधी विचारला पाहिजे. वतनाच्या गुलामीतून महारांना सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं रद्द झाली. मूळ वतनदारांना परत मिळालेल्या जमिनी बहुतेक ठिकाणी 'भोगवटादार वर्ग २' म्हणून लागल्या. त्या परवानगी आणि नजराण्याशिवाय विकता येत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो आपल्याला आठवत असेलच.

कर्जत-खालापुरात याहून मोठा प्रश्न ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या जमिनीचा आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. असा व्यवहार रद्द होऊ शकतो आणि पैसे बुडू शकतात. पण कायद्याचा धाक नसता, तरी आपण ती घेतली असती का? ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घेऊन उभं राहिलेलं घर, त्यावर पंचशील ध्वज कसा लावायचा? म्हणून सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना वाचा आणि जुने फेरफार काढा. ज्यांच्या नावापासून ती जमीन सुटली, ती माणसं कोण होती, हे शोधा.

तिसरी गोष्ट, फ्लॅट. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर त्यालाही रेरा नोंदणी लागते. पण नुसता रेरा क्रमांक पाहून थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आत राहणारे लोक कर्जाचे हप्ते भरणारे साधे नोकरदार होते. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घ्या आणि ज्या कार्यालयाने ती दिली असं लिहिलंय, तिथेच जाऊन ती खरी आहे का विचारा.

काही जण म्हणतील, एवढं बघत बसलो तर घर होणार कधी? आमचं उत्तर असं : ज्याला घाई आहे तो विकणारा आहे. 'आज टोकन दिलं नाही तर प्लॉट जाईल' असं जो म्हणतो, त्याला जाऊ द्या. सरकारी बँक ज्या जागेवर कर्ज द्यायला तयार नाही आणि विकणारा रोख मागतो, तिथून परत फिरा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायला काही हजार लागतात. ते वाचवून लाखो घालवणं ही काटकसर नव्हे.

आपल्याकडे प्रत्येक वस्तीत विहार आहे. कायदा शिकणारी मुलं-मुली आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी आहेत. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर कागद वाचण्यासाठी ठेवा. ज्याला जागा घ्यायची आहे त्याने सातबारा, फेरफार, करार सगळ्यांसमोर ठेवावा. सातबारा महाभूलेखवर मोबाईलमध्येही दिसतो. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चारचौघांत मांडतो, मग आयुष्यभराच्या कमाईचा कागद एकट्याने का वाचायचा?

शिका आणि संघटित व्हा, हे टोकन देण्याआधी करायचं काम आहे. पैसे बुडाल्यावर उरतो तो फक्त कोर्टाच्या तारखांचा संघर्ष.

जय भीम!